पोलेनचा गाळ

१

हल्वार नेस्बाकला पाण्याबाहेर काढलं तेव्हा स्ट्राउमेन शांत होता. भरतीचं पाणी आत शिरून दमलं होतं आणि ओहोटीला अजून जाग यायची होती. या अरुंद सामुद्रधुनीत पाणी असं थबकतं तेवढ्याच वेळात माणसाने खाली जावं आणि निमूट वर यावं. एरवी इथलं पाणी उधळलेल्या घोड्यासारखं धावतं. भरतीला समुद्राकडून आत, डोंगरांत घुसलेल्या फ्योर्डमध्ये, ओहोटीला फ्योर्डातून बाहेर समुद्राकडे. मध्ये सापडलेल्याची गय करत नाही.

मार्चची सकाळ होती. किनाऱ्यावरच्या दगडांपर्यंत बर्फ होता. डायव्हिंग सेंटर चालवणारा स्टिग दोन जर्मन पाहुण्यांना लांडगा-माशाचं जोडपं दाखवायला घेऊन गेला होता. पुलाखाली पश्चिमेच्या काठाला केल्प या समुद्री शेवाळाच्या लांब पट्ट्यांत त्याला हल्वार दिसला, पालथा आणि हात पसरलेला, जणू तळाशी काही शोधत होता.

"हृदय बंद पडलं असणार," स्टिग थंडीने कुडकुडत म्हणाला. "सत्तरीला टेकलेला माणूस, आणि एकटा जातो. शंभरदा सांगितलं होतं त्याला."

तूरिद हल्वारशेजारी गुडघे टेकून बसली. या भागाची पोलिस अधिकारी होऊन तिला वीसेक वर्षं झाली होती आणि बुडालेली माणसं तिने बरीच पाहिली होती. पण हल्वार म्हणजे तिचा गुरू. निम्म्या गावाला पाण्याखाली श्वास घ्यायला त्यानेच शिकवलं होतं. तिच्या कानाचा पडदा फाटला तेव्हा ती पाण्यातून कायमची बाहेर आली आणि हल्वार लहान मुलासारखा रुसला होता.

"पालथा करा त्याला," ती म्हणाली. "पाठ बघू दे."

अंगाला पाणी लागू न देणारा त्याचा सूट जुन्या घाटाचा होता. त्याची चेन पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. असली चेन खरं तर दुसऱ्याने लावायची असते. हल्वार मात्र चेनच्या टोकाला दोरी बांधायचा, ती गाडीच्या हुकात अडकवायचा आणि पुढे चालू लागायचा. चेन सरसर बंद व्हायची, पण तिच्यावरची झाकणपट्टी उघडीच राहायची, कारण तिथे स्वतःचा हात पोचत नाही. ती पट्टी पाठीवर फडफडायची आणि काठावरची माणसं ओरडायची, "हल्वार, मागचं दार उघडं राहिलंय रे!" तोही न वळता ओरडायचा, "राहू दे, चोरण्यासारखं काही नाही आत!"

आज ती पट्टी बंद होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे सुरकुतीसुद्धा नाही, तळव्याने दाबून सारखी केलेली.

तूरिदने हातमोजा काढला आणि पट्टीवरून बोट फिरवलं. हल्वार पाण्यात उतरला तेव्हा त्याच्या पाठीशी कोणीतरी उभं होतं, आणि गावात सकाळपासून कोणीही तसं बोललं नव्हतं.

२

हल्वारला बायको-मुलं नव्हती. बातमी सांगायची तर ओशिललाच.

ओशिलचं घर रस्ता संपतो तिथे, पोलेनच्या काठावर. पोलेन म्हणजे स्ट्राउमेनच्या आतल्या बाजूची खाडी, डोंगरांनी तिन्ही बाजूंनी वेढलेली, कायम झोपल्यासारखी. ओशिल शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तिची एकुलती एक मुलगी मारेन हल्वारबरोबर स्ट्राउमेनमध्ये उतरली आणि परत आली नाही. ओहोटीने अचानक ओढ घेतली, मारेन हातातून सुटली आणि समुद्राकडे गेली, असं हल्वारने सांगितलं होतं. सगळ्या बोटी बाहेर समुद्रात धावल्या. पोरगी मिळाली नाही, तिच्या पायातली एक फ्लिपरही मिळाली नाही.

तेव्हापासून हल्वार दर रविवारी ओशिलकडे यायचा. लाकडं फोडायचा, छपरावरचा बर्फ काढायचा, काही न बोलता जेवून जायचा. लोक म्हणायचे, माणूस असावा तर असा.

"ओशिल, वाईट बातमी आहे," तूरिद दारातच म्हणाली. याच दारात हेच शब्द घेऊन ती आधी एकदा उभी राहिली होती. "हल्वार गेला."

ओशिलने मान हलवली आणि आत वळली. "कॉफी आहे. वॅफल खाशील ना? तपकिरी चीज संपलंय, जाम चालेल?"

तूरिद बसली. दुःख माणसाला नाना वेडेचाळे करायला लावतं; कोणी हसतं, कोणी फरशी पुसायला घेतं. ओशिल कप मांडू लागली. तिच्या दोन्ही तळव्यांना पांढऱ्या पट्ट्या होत्या.

"हाताला काय झालं?"

"शाळेतल्या भट्टीचा ट्रे. घाईत तसाच धरला."

स्वयंपाकघरात दिवा लागला होता. खाडीकडच्या मोठ्या खिडकीवर जाड लोकरीचं ब्लँकेट खिळे मारून बसवलं होतं. आख्खा हिवाळा अंधारात काढलेलं हे गाव मार्चमध्ये उन्हाच्या तिरिपेसाठी खुर्च्या सरकवत घरभर फिरतं. ओशिलने मात्र ऊन खिळे ठोकून बाहेर ठेवलं होतं.

"डोळ्यात जातं," तूरिदची नजर बघून ती म्हणाली. मग जरा वेळाने विचारलं, "कोणी रडलं का त्याच्यासाठी?"

"अजून फारसं कोणाला कळलेलं नाही."

"रडतील. चांगला माणूस होता म्हणतील."

तूरिदने गरम कॉफी कशीबशी संपवली. गाडीत बसल्यावर तिला कळलं की मघापासून काय टोचत होतं. हल्वार कुठे सापडला, कसा सापडला, हे ओशिलने विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. शहरातल्या इस्पितळातून डॉक्टर बोलत होते.

"हृदयाला काही झालेलं नाही. सरळ बुडून मृत्यू. आणि तुझ्या माणसाने आणलेला हवेचा सिलिंडर मी पाहिला. पार रिकामा आहे. शेवटच्या फुंकरीपर्यंत."

३

"रिकामा असणं शक्य नाही," स्टिग म्हणाला.

तो त्याच्या शेडमध्ये हल्वारचं सामान धुवायला घेणार होता. तूरिदने वेळेत त्याच्या हातातली नळी बंद केली.

"शुक्रवारी दुपारी मीच भरून दिला," तो म्हणाला. "काठोकाठ. हल्वारसारखा माणूस तेवढ्या हवेत तासभर सहज काढतो, वर उरवतो. आणि स्ट्राउमेनमध्ये तासभर राहणार कोण? पाणी थांबतं किती वेळ! त्यात अर्धाही सिलिंडर संपत नाही."

"मग रिकामा कसा झाला?"

"थंडीत तोंडात धरायचा रेग्युलेटर गोठतो कधीकधी. मग हवा नुसती भसाभसा वाहून जाते." तो थांबला. "माझ्याकडे अशी बघू नकोस, तूरिद. आमचं पटत नव्हतं, कबूल. चुकीच्या वेळी मी पाहुण्यांना पाण्यात नेतो असं त्याने गावभर सांगितलं होतं. स्वतःच्या हातून पोरगी गेली आणि मला शिकवतो! पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी या जर्मनांबरोबर होतो. विचार त्यांना. माझ्या बायकोपेक्षा जास्त त्यांनी माझं तोंड पाहिलंय."

जर्मनांना तिने आधीच विचारलं होतं. स्टिग खरं बोलत होता.

तिने हल्वारची फ्लिपर उचलली आणि पाय घालायच्या कप्प्यात बोट घातलं. आत करडा, मऊ चिखल दाबून बसला होता. दुसऱ्या फ्लिपरच्या बक्कलात काहीतरी अडकलं होतं. तिने ते चिमट्याने काढून पांढऱ्या बशीत ठेवलं. बोटाएवढा तुकडा, दोन्ही बाजूंना नाजूक केसर, एखाद्या पक्ष्याच्या पिसासारखा.

स्टिग वाकला. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"समुद्रपीस," तो म्हणाला. "जिवंत प्राणी असतो हा. चिखलात देठ रोवून उभा राहतो."

"स्ट्राउमेनमध्ये असतो?"

"वेडी आहेस का? तिथे चिखल टिकतो कुठे! धारेने धुतलेला खडक, त्यावर ॲनिमोन आणि 'मेलेल्याची बोटं' म्हणतात ती मऊ प्रवाळं. समुद्रपिसाला मेलेलं पाणी लागतं. इथे आसपास असं पाणी एकाच ठिकाणी आहे."

नाव दोघांनाही माहीत होतं. पोलेन.

"आणखी एक," स्टिग म्हणाला. "हवा भरायला आला तेव्हा माझा लांब दोर मागून नेला त्याने. मी म्हटलं, धारेत दोर घेऊन जाणार? गळ्याला फास लावून घेशील. तर म्हणाला, धारेत नाही."

तूरिदला आठवलं. गढूळ पाण्यात, जिथे हातभरावरचं दिसत नाही, तिथे हल्वार दोर बांधून उतरायला शिकवायचा. एक टोक अंगाला आणि दुसरं काठावरच्या माणसाच्या हातात. एक झटका म्हणजे ठीक आहे. पाठोपाठ झटके म्हणजे ओढा.

दोर हल्वारच्या अंगावर नव्हता. त्याच्या गाडीतही नव्हता.

४

पोलेनचं नाव निघालं की गावात दुसरं नाव आपोआप निघायचं. यान-ऊवे. त्याची सॅमन माशांची शेती होती आणि या वसंतात त्याला पोलेनमध्ये नवे पिंजरे टाकायचे होते. हल्वार दोन वर्षं त्याच्याशी भांडत होता. गेल्या सभेत तर यान-ऊवेने टेबलावर मूठ आपटून म्हटलं होतं की या म्हाताऱ्याला कोणीतरी त्याच्या माशांतच नेऊन सोडा.

"आलीस?" धक्क्यावर जाळं दुरुस्त करत असलेला यान-ऊवे तिला पाहून म्हणाला. "सकाळपासून वाट बघतोय. गावात मांजर मेलं तरी माझ्या दारात पोलिस."

"शुक्रवारी दुपारी कुठे होतास?"

"दातांच्या डॉक्टरकडे. हे बघ." त्याने जबडा उघडून सुजलेली हिरडी दाखवली. "खून करायच्या मनःस्थितीत होतो खरा, पण त्या डॉक्टरचा."

"पाण्याखाली जातोस कधी?"

"मी? मला साधं पोहता येत नाही. माझा बाप म्हणायचा, पोहता आलं की मरायला वेळ लागतो." तो हसला नाही. जाळं बाजूला ठेवून उभा राहिला. "एक सांगू? गेल्या आठवड्यात हल्वार माझ्याकडे आला होता. मला वाटलं, आता शिव्यांची तिसरी फेरी. पण तो दारात टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, 'यान-ऊवे, तुझे पिंजरे टाक, मी आडवा येणार नाही. फक्त ईस्टरपर्यंत खाडीच्या तळाला नांगर लावू नकोस.' मी विचारलं, का? काय पुरलंय तिथे?"

"मग?"

"काही बोलला नाही. दोन वर्षं ज्या तोंडाने मला कापून काढलं ते तोंड, आणि शब्द फुटेना. मग म्हणाला, 'तिला आधी वर काढायचंय.'"

तूरिद एक पाऊल पुढे आली.

"तिला म्हणाला? नक्की?"

"माझा दात किडलाय, कान नाही."

५

ती गाडी घेऊन निघाली ती पुलावर येऊन थांबली. खाली ओहोटी पूर्ण भरात होती. भोवरे उमटत होते, मिटत होते, आणि सगळं पाणी बाहेर, समुद्राकडे धावत होतं. तीन वर्षांपूर्वी ती इथेच उभी होती आणि पाणी याच दिशेला धावत होतं. हल्वार घोंगडीत गुंडाळलेला, थरथरत सांगत होता, "ओहोटी, तूरिद. ओहोटीने नेली तिला." तिने समोर पाहिलं होतं. ओहोटीच होती. तिने एकूण एक बोट बाहेर धाडली होती.

मग हा माणूस मारेनला आतल्या खाडीत का शोधत होता?

एकच उत्तर होतं. ते तिने दोनदा, तीनदा उलटसुलट करून पाहिलं, आणि दर वेळी ते तसंच उरलं. तिने गाडी वळवली.

ओशिलने दार उघडलं आणि या वेळी कॉफीचं विचारलं नाही.

"बस," ती म्हणाली. "तुझ्या चेहऱ्यावर लिहिलंय सगळं."

"तुला वकील मिळेल, ओशिल. तोवर गप्प राहायचा तुला हक्क आहे."

"वकील काय करणार? बोल तू. मला ऐकायचंय, तुला किती कळलंय ते."

तूरिदने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हल्वार स्ट्राउमेनमध्ये मेला नाही. पाणी थांबतं तेवढ्या वेळात त्याचा सिलिंडर संपलाच नसता. रेग्युलेटर गोठला म्हणावं, तर फ्लिपरमध्ये चिखल आला कुठून? समुद्रपीस आलं कुठून? तो पोलेनच्या तळाशी होता. हवा संपेपर्यंत होता, म्हणजे कशात तरी अडकला होता. पण सापडला मोकळा. म्हणजे मेल्यावर त्याला कोणीतरी सोडवला, बोटीमागे बांधून नेला आणि पाणी थांबल्यावर केल्पमध्ये ठेवला. पोलेनवर बोट दोघांचीच. यान-ऊवेची आणि तुझी."

"यान-ऊवेने केलं म्हटलं असतं तर कोणीही विश्वास ठेवला असता."

"यान-ऊवेला झाकणपट्टी म्हणजे काय हेही ठाऊक नाही. हल्वारच्या पाठीवरची पट्टी बंद होती. स्टिगने ती लावली असती, पण स्टिग दुसरीकडे होता. तू हल्वारची पहिली विद्यार्थिनी. आणि मारेन पाण्यात जायची तेव्हा काठावर तिच्या पाठीची पट्टी कोण दाबायचं? दर वेळी? या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक सुरकुती राहू न देता?"

ओशिलने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"हात आपोआप गेला," ती हळूच म्हणाली. "मला कळलंसुद्धा नाही."

"आणि हे भट्टीचे चटके नाहीत. दोराचे आहेत."

चुलीत लाकूड फुटलं.

"का, हे पण सांग," ओशिल म्हणाली.

"तो खोटं बोलला होता. मारेन खाडीत असेल असं ज्याला वाटतं, त्याला हे माहीत असणार की पाणी तेव्हा आत वाहत होतं. भरती संपायच्या आधीच त्याने तिला पाण्यात नेलं. त्याने फोन केला तोवर ओहोटी लागली होती, आणि आम्ही समोर दिसलं त्यावर विश्वास ठेवला."

"चर्चमध्ये गाण्याची तालीम होती त्याची," ओशिल म्हणाली. "संध्याकाळी. उशीर होऊ नये म्हणून लवकर उतरला. तिला काही कळत नव्हतं गं, वीस वर्षांची पोर, गुरू म्हणाला चल की चल. धारेने तिला ओढली. त्याला वाटलं, खडकावर आपटून ती तिथेच संपली, मग आत गेली काय आणि बाहेर गेली काय, मेलेल्याला काय फरक? आपली चूक तेवढी झाकून राहील. असं त्याने मला इथे बसून सांगितलं. तू बसलीस त्याच खुर्चीत. गेल्या गुरुवारी."

"त्याला ती सापडली होती."

"तीन वर्षं शोधत होता. आधी पलीकडच्या काठाला, मग इथे. म्हणाला, 'ओशिल, ती खालीच आहे, जुन्या शिंपल्यांच्या शेतीचे दोर आहेत ना, त्यांच्यात. आपण तिला वर काढू. मग मी स्वतः तूरिदकडे जाईन.' मी म्हटलं, बरं. काय म्हणणार? मला वाटलं, पोरगी तर मिळेल. शुक्रवारी शाळेतून लवकर आले. त्याची चेन लावली. दोर हातात घेतला. आणि पाण्यात शिरता शिरता तो वळला. मला म्हणाला, आणखी एक सांगायचं राहिलंय."

तिचा आवाज इतका वेळ सरळ होता, तो आता दोन तुकडे झाल्यासारखा फाटला.

"ती आपटली नव्हती, तूरिद. शिंपल्यांच्या शेतीच्या तरंगत्या बोयाला बांधलेली होती. स्वतःच्या दोरीने, कमरेपाशी. त्याने शिकवलेली गाठ. पुढे बर्फाने बोया खाली ओढला, पण त्या संध्याकाळी तो वरच होता. ती वाहत इथे आली, बोया धरला, बोटं बधिर व्हायच्या आत स्वतःला बांधून घेतलं, आणि वाट बघत राहिली. आपण येऊ म्हणून. हाका मारल्या असतील. माझं घर समोर होतं. दिवा लावून गेले होते मी. आणि मी कुठे होते? बाहेर, पुलापलीकडे. तुझ्या शेजारी. समुद्राकडे तोंड करून ओरडत होते."

तूरिदने मांडीवरची टोपी दोन्ही हातांनी धरली.

"तो खाली गेला. बराच वेळ एकेक झटका येत होता. ठीक आहे, ठीक आहे. मग पाठोपाठ येऊ लागले." ओशिलने पट्ट्या बांधलेल्या मुठी वळल्या, जणू अजून दोर त्यांत होता. "मी उभी होते. दोर सोडला नाही. ओढलाही नाही. तो खेचत होता, हातमोज्यांची लोकर फाटली, कातडं गेलं, मी धरून ठेवला. मनात म्हणत होते, बघ कसं वाटतं. फक्त थोडा वेळ बघ. मग ओढीन. खरंच ओढणार होते. आणि मग दोर गप्प झाला."

"मग?"

"मग ओढला. पहिल्याच ओढीला सुटून आला."

खिळे मारलेल्या ब्लँकेटच्या कडेने उन्हाची बारीक रेघ टेबलावर पडली होती.

"त्याला स्ट्राउमेनला का नेलास?"

"तो म्हणाला होता ना, ती तिथे गेली म्हणून. मग त्यालाही तिथेच शोधू दे लोकांना." ती थांबली. "आणि इथे पोलिसांचे पाणबुडे यायला नको होते. तिला मी वर काढणार होते. हात बरे झाले की."

तूरिद उठली. काय म्हणावं हे तिला वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं नव्हतं. ती फक्त म्हणाली, "कोट घाल. बाहेर थंडी आहे."

ओशिलने कोट घातला. बटणं लावता येईनात, तेव्हा तूरिदने लावली.

"तूरिद, तू ओढला असतास दोर?"

"हो."

"लगेच?"

तूरिदला हो म्हणायचं होतं. "माहीत नाही," ती म्हणाली.

६

दोन दिवसांनी शहरातून पाणबुडे आले आणि त्यांनी मारेनला वर आणलं. थंड पाण्याने आणि सुटाने तिला बरंच सांभाळलं होतं. ओशिलला काठावर यायची परवानगी तूरिदने वरिष्ठांशी भांडून मिळवली. गाव लांब रस्त्यावर उभं होतं. पुढे यायला कोणी धजेना. शेवटी यान-ऊवे आला, टोपी हातात घेऊन, आणि स्ट्रेचरचं एक टोक त्याने उचललं. मग स्टिगने दुसरं. पिंजऱ्यांचा अर्ज यान-ऊवेने त्याच आठवड्यात मागे घेतला. का, ते त्याने कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

हल्वारला पुरलं तेव्हा मोजकीच माणसं होती. पाद्रीने त्याच्या चांगुलपणाबद्दल एक वाक्य म्हटलं आणि पुढचं वाक्य गिळलं.

तूरिदने तिच्या अहवालात स्वतःचंही लिहिलं. तीन वर्षांपूर्वी एका माणसाच्या शब्दावर सगळ्या बोटी एकाच बाजूला पाठवल्या, आत एकही नाही, आणि उतरायच्या आधी पाणी कुठे वाहत होतं हे कोणालाही विचारलं नाही. वरिष्ठ म्हणाले, एवढं लिहायची गरज नाही. तिने खोडलं नाही.

मारेनला वर आणलं त्या दुपारी ओशिलला शहरातल्या कोठडीत परत पोचवायचं होतं. दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं, पण तूरिद स्वतःच गाडी चालवत होती. ओशिल मागे न बसता शेजारी बसली, आणि तूरिदने ते चालवून घेतलं. वळणावळणाचा रस्ता, एका बाजूला फ्योर्ड, दुसरीकडे बर्फाने वाकलेली बर्चची झाडं. बोगद्यातून बाहेर पडताना तूरिदने वळून पाहिलं तर ओशिलची मान खांद्यावर कलली होती. तोंड किंचित उघडं, पट्टीतले हात मांडीवर सैल पडलेले. गुरुवारपासून तिचा डोळा लागला नसावा; कदाचित तीन वर्षांपासून लागला नसावा.

शहर आलं. पोलिस ठाण्याचं फाटक आलं. तूरिदने वेग कमी केला, फाटकावरून गाडी पुढे नेली आणि बंदराच्या कडेला, वाऱ्याच्या आडोशाला उभी केली. इंजिन चालू ठेवलं, म्हणजे आत ऊब राहील. फोन वाजू लागला तेव्हा तिने तो बंद करून टाकला, आणि शेजारच्या श्वासाची लय मोडू नये म्हणून हात स्टिअरिंगवर ठेवून ती तशीच बसून राहिली.